आमचे बिऱ्हाड 'सी'च्या घरात का?

वाद घालायचाच तर तो पहिल्या परिच्छेदातच घालावा, म्हणजे वाचकाला पान उलटायचे स्वातंत्र्य राहते. माझे म्हणणे असे : घरातल्या संगणकावर आपण जे जे स्वतःचे म्हणून साठवतो, म्हणजे फोटो, पत्रे, हिशेब, पाककृती, मुलांच्या गुणपत्रिका, वडिलांच्या तोंडून लिहून घेतलेल्या आठवणी, त्यातले काहीही 'सी' ड्राइव्हमध्ये राहता कामा नये. ते दुसऱ्या ड्राइव्हवर हलवावे, आणि ते ह्या सुट्टीतच हलवावे. हे हलवण्याचे ओझे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकणारी जी व्यवस्था आहे ती अन्यायाची आहे, असेही माझे म्हणणे आहे. दिवाळीच्या अंकात हा रुक्ष विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना मी विचारते, की दिवाळीच्या आधी तुम्ही माळा झाडता, डबे उन्हात घालता, कपाटातली कागदपत्रे काढून पुन्हा लावता, ती कशासाठी? घरातले काय कुठे आहे हे वर्षातून एकदा तरी नीट ठाऊक असावे म्हणूनच ना? मग घरातले निम्मेअधिक कागद ज्या पेटीत आहेत, ती पेटीच तेवढी झाडायची का राहावी?

मी संगणकाची जाणकार म्हणून बोलत नाही. माझी सारी नोकरी तालुक्याच्या कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेली. कचेरीतल्या कागदांचे वर्ग असतात. 'अ' वर्गातला कागद कायम जपायचा आणि 'ड' वर्गातला वर्षभराने नष्ट करायचा. संगणकात मात्र जपायचे ते 'डी'त घाला असे मी सांगणार आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी हसू नये. त्या नोकरीत एक गोष्ट मी पक्की शिकले. जपायचा कागद आणि रोजचा पसारा एका खोलीत ठेवला, की पसारा आवरताना कागद जातो. उंदीर, वाळवी आणि पाऊस ह्यांनी कागद खाल्ले हे खरेच. पण माणसांच्या आवराआवरीने खाल्लेले कागद मी त्यांहून अधिक पाहिले आहेत.

आता 'सी' म्हणजे काय ते पाहू. घरोघरची मुले विचारतात, की 'सी' आहे तर 'ए' आणि 'बी' कुठे गेले? प्रश्न रास्त आहे. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यात कायमची साठवण नव्हती. फ्लॉपी नावाच्या पातळ तबकड्या खाचेत घालायच्या आणि काम झाले की काढायच्या. त्या दोन खाचांना 'ए' आणि 'बी' ही अक्षरे होती. १९८३ मध्ये त्याच कंपनीचा 'एक्सटी' हा संगणक आला; त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क यंत्राच्या पोटातच बसवलेली होती, आणि तिला पुढचे अक्षर मिळाले ते 'सी'. पुढे फ्लॉपी गेली, खाचा बुजल्या, अक्षर मात्र राहिले. दहा मेगाबाइट म्हणजे आजच्या फोनवर काढलेले दोन-तीन फोटो. एवढ्याशा जागेत यंत्राचा संसार आणि माणसाचा संसार एकत्र झाला असेल, तर ते समजण्यासारखे आहे. गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत दहा माणसे राहत, ती काही हौसेने राहत नव्हती. परंतु आज सामान्य घरातही ५१२ गिगाबाइटचा संगणक येतो. म्हणजे जागा त्या 'एक्सटी'च्या पन्नास हजारपट झाली, आणि तरीही बिऱ्हाड त्याच एका खोलीत! हे मात्र समजण्यासारखे नाही.

त्या खोलीत राहते कोण? तिथे विंडोज राहते, म्हणजे यंत्राला यंत्रपण देणारा सारा कारभार. त्याच्या शेजारी आपण बसवलेले प्रोग्रॅम, त्यांच्या खाजगी नोंदी, दर महिन्याला येणाऱ्या सुधारणा, त्या सुधारणांचे उष्टेखरकटे, आणि इंटरनेटवरून आलेला नाना तऱ्हेचा केर. ह्या सगळ्याच्या मधोमध 'यूजर्स' नावाच्या फोल्डरात आपल्या नावाची एक वळचण असते. तिच्यात 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाउनलोड्स' आणि 'डेस्कटॉप'. समोर पडद्यावर दिसते ते डेस्कटॉप म्हणजे कुठल्याच खोलीत नसलेली, हवेतली जागा, असे पुष्कळांना वाटते. तेही ह्याच वळचणीत आहे. आपण मजकूर लिहून 'सेव्ह' म्हटले, की यंत्र आपल्याला न विचारता तो तिथे नेऊन ठेवते.

आणि यंत्र आजारी पडते तेही ह्याच खोलीत. सुधारणा अर्धवट बसली, विषाणू शिरला, जागा भरून गेली, की संगणक रेंगाळू लागतो. एक दिवस पडदा उजळतच नाही. मग दुकानातला रामबाण उपाय एकच : 'सी' पुसून विंडोज नव्याने घालणे. त्या मुलांच्या भाषेत 'फॉर्मॅट मारणे'.

आमच्या शेजारच्या वहिनींचा संगणक असाच एका पावसाळ्यात अडला. दुकानातल्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. तो म्हणाला, "काकू, फॉर्मॅट मारावा लागेल. सीमध्ये काही आहे का तुमचं?" वहिनी म्हणाल्या, "अरे, मला त्यातलं काय कळतंय? तूच बघ बाबा." त्याने पाहिले. 'डी'मध्ये सिनेमाची गाणी भरलेली होती. ती त्याने इमानाने जपली. 'सी' पुसला. दुसऱ्या दिवशी संगणक घरी आला तो नव्या नवरीसारखा चकचकीत, आणि वहिनींनी सासूबाईंच्या तोंडून वर्षभर उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, दीडशेच्या वर ओव्या, त्यात नव्हत्या. सासूबाई आता नाहीत. गाणी आहेत, ती हवी तेव्हा कुठेही मिळतात.

दुकान कोणते ते मी सांगणार नाही, कारण माझे भांडण त्या मुलाशी नाही. त्याने बिचाऱ्याने विचारले होते. माझे भांडण आहे ते, ज्या बाईला 'सी' म्हणजे काय हे जन्मात कोणी सांगितले नाही, तिलाच तो प्रश्न विचारण्याची पाळी आणणाऱ्या रचनेशी. नवरा, मुलगा, पुतण्या, सगळ्यांना ते ठाऊक होते. तिने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आपल्याकडे संगणक हे अजून पुरुषांचे आणि पोरांचे खेळणे मानतात, आणि त्यात जपण्यासारखे जे असते ते बहुतेक वेळा बायकांनी ठेवलेले असते.

कागद जपण्याची रीत आपल्याला नवी का आहे? मुळीच नाही. आपल्या जुन्या घरांतून कागद रुमालात बांधीत. रुमाल म्हणजे चौकोनी फडके. त्यात कागदांचे पुडके ठेवून गाठ मारली, की दप्तर झाले. ह्या रुमालाचा मोठा गुण असा, की तो भिंतीचा भाग नव्हता. वाडा पडो, बिऱ्हाड बदलो, गाव सोडावे लागो. रुमाल उचलला की दप्तर घराबाहेर निघाले. इतिहासाचार्य राजवाडे असल्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, आणि १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडून गोविंद सखाराम सरदेसायांनी ४५ खंड काढले. ही सारी कमाई, कागद घराच्या पसाऱ्यापासून निराळे बांधून ठेवलेले होते म्हणून हाती आली. वाणसामानाच्या पोत्यांत मिसळलेले कागद राजवाड्यांनाही सापडले नसते.

उद्याचा राजवाडे तुमच्या आमच्या घरी आला, तर त्याला काय सापडेल? माळ्यावर एक बंद पडलेला लॅपटॉप, आणि घरच्यांचे उत्तर : "त्यात होतं सगळं, पण तो फॉर्मॅट केला."

आता हे असे कोणी केले ते स्पष्ट बोलले पाहिजे. विंडोज ९५ च्या काळात 'माय डॉक्युमेंट्स' नावाचा फोल्डर आला. नाव मोठे गोड, 'माझे कागद'. जागा मात्र 'सी'तली. विंडोज २००० मध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' अशी नवी पाटी लागली, जागा 'सी'तलीच. २००७ च्या व्हिस्टापासून 'यूजर्स' ही पाटी आली, जागा तीच. पुढे त्यातला 'माय' हा शब्दही गळून गेला, आणि आता नुसते 'डॉक्युमेंट्स' उरले आहे. कोणाचे, ते विचारू नये!

न्यायाने बोलायचे तर मायक्रोसॉफ्टने हे कागद हलवण्याची सोय ठेवली आहे. ती सोय चांगलीही आहे. पण ती ठेवली आहे कुठे? 'डॉक्युमेंट्स'वर माऊसचे उजवे बटण दाबावे, 'प्रॉपर्टीज' उघडावे, त्यात 'लोकेशन' शोधावे, मग 'मूव्ह' म्हणावे. म्हणजे देवघराची किल्ली परसातल्या विहिरीच्या काठावर, तीही दगडाखाली. नवा संगणक पहिल्या दिवशी आपल्याला किती प्रश्न विचारतो! देश कोणता, कीबोर्ड कोणता, खाते कोणते. जाहिरातींसाठी तुमची ओळख वापरू का, हेसुद्धा विचारतो. "तुमचे कागद कुठे ठेवू?" एवढे मात्र विचारत नाही. जो प्रश्न कंपनीच्या उपयोगाचा तो पहिल्या दिवशी. जो माझ्या उपयोगाचा तो मी शोधून काढायचा. हा योगायोग आहे असे मला कोणी सांगू नये.

विक्रेत्यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत 'डी' नसतोच. सारी डिस्क म्हणजे एक 'सी'. तिचे दोन भाग करणे, म्हणजे 'पार्टिशन पाडणे', हे जाणत्या माणसाला थोड्या वेळाचे काम आहे. विंडोजमध्येच 'डिस्क मॅनेजमेंट' म्हणून त्याची सोय आहे. ते न करता यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती देणे म्हणजे स्वयंपाकघर आणि देवघर ह्यांत भिंत न घालता घर विकणे होय.

हलवायचे कसे, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर माझा हा लेख नुसता आरडाओरडा ठरेल. प्रथम 'हलवणे' म्हणजे काय ते समजून घ्यावे. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल इकडची तिकडे केली, तर तिच्यातला मजकूर जागचा हलतच नाही; यंत्राच्या नोंदवहीत तिचा पत्ता तेवढा बदलतो. म्हणून ते काम क्षणात होते. 'सी'तून 'डी'त नेताना मात्र सगळा मजकूर नव्या जागी उतरवला जातो आणि नंतर जुनी प्रत पुसली जाते. म्हणून वेळ लागतो, आणि म्हणून मध्येच वीज जाता कामा नये. नुसते माऊसने ओढून 'डी'वर सोडले, तर विंडोज दुसरी प्रत करते आणि पहिली तिथेच ठेवते. मग नव्या नोंदी जुन्या प्रतीत गेल्या की नव्या, हे महिन्याभराने ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

तेव्हा आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग 'डी'मध्ये आपल्या नावाचा फोल्डर करावा, आणि त्यात कागद, फोटो, डाउनलोड असे निरनिराळे फोल्डर करावे. नुसता 'डी' असा पत्ता देऊ नये. तसा दिला तर अख्खा ड्राइव्हच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसतो, आणि तो गुंता सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. मग वर सांगितलेल्या 'लोकेशन'मध्ये जाऊन प्रत्येकाचा नवा पत्ता द्यावा. जुन्या जागेतल्या साऱ्या फाइली नव्या जागी आणू का, असे यंत्र विचारते. त्याला 'हो' म्हणावे, आणि नंतर जुन्या जागी काही राहिले नाही ना, हे स्वतः उघडून पाहावे.

हा शेवटचा आग्रह कशासाठी, ते ऐका. २०१८ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची एक मोठी सुधारणा पाठवली, आणि काही लोकांच्या फाइली नाहीशा झाल्या. चार दिवसांत ती सुधारणा थांबवावी लागली. दुरुस्त होऊन ती पुन्हा निघाली ती १३ नोव्हेंबरला. कारण काय निघाले? ज्यांनी आपल्या फोल्डरांचा पत्ता बदलून दुसऱ्या ड्राइव्हचा दिला होता, पण ज्यांच्या काही फाइली जुन्याच जागी राहिल्या होत्या, त्यांचा तो जुना फोल्डर ह्या सुधारणेने मोडका पसारा समजून आतल्या फाइलींसकट काढून टाकला. म्हणजे माझ्या कचेरीतला जुना नियम अमेरिकेतही खराच : आवराआवरीने कागद खाल्ला! काही जण ह्यावरून म्हणतील, की बघा, हलवल्यामुळेच गेले. नाही हो. जे 'डी'त पोचले होते ते जागेवर राहिले. 'सी'त जे मागे राहिले तेच गेले.

काय हलवू नये तेही ध्यानात ठेवावे. 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' ह्या फोल्डरांना हात लावू नये. प्रोग्रॅम हे कुंडीतले रोप नव्हे. भिंतीत रुजलेल्या पिंपळासारख्या त्याच्या मुळ्या 'सी'भर पसरलेल्या असतात, उचलला की मेला. 'ॲपडेटा' नावाचा लपलेला फोल्डर आहे, तोही तसाच ठेवावा. पण ब्राउझरमधल्या आपल्या खुणा आणि पासवर्ड त्यात असतात, ते 'डॉक्युमेंट्स'बरोबर जात नाहीत हे लक्षात असू द्यावे. हिशेबाचा प्रोग्रॅम असेल, तर त्याच्या नोंदींची जागा त्याच प्रोग्रॅममधून बदलावी.

मराठी घरांना आणखी एक सूचना आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे निराळ्या, कंपनीच्या स्वतःच्या फाँटांत टाइप करण्याचा रिवाज होता. अशा फाइलींत 'क' म्हणून जे दिसते ते आतून भलतेच इंग्रजी अक्षर असते. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की कावळ्याचिमण्यांचे पाय. हे फाँट बसतात 'सी'मध्ये. म्हणजे फाइल 'डी'त सुखरूप राहते, आणि 'सी' पुसला की ती वाचता येत नाही! ज्यांच्या घरी जुने लेखन, जुन्या पत्रिका, जुनी कुलवृत्तान्ताची टिपणे आहेत त्यांनी फाँटांच्या फाइलीही 'डी'त जपाव्या, आणि बेत करून तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. पहिला म्हणतो, "हे सगळं जुनं झालं. आता क्लाउड आहे." उत्तम आहे. पण हिशेब पाहा. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ गिगाबाइट. गूगलवर १५, आणि तीही ईमेल व फोटो मिळून. एका लग्नाच्या छायाचित्रांत ती संपते, मग दरमहा भाडे. शिवाय वनड्राइव्हचा 'बॅकअप' सुरू केला, की आपले 'डॉक्युमेंट्स' ज्या वनड्राइव्ह फोल्डरात जातात, तो फोल्डर संगणकावर कुठे असतो? मुद्दाम बदलला नाही तर त्याच 'सी'तल्या वळचणीत. त्यातून इथे पुसले की तिथेही पुसते. परत मिळवायला घरगुती खात्यावर ३० दिवसांची मुदत. क्लाउड वापरावा, जरूर वापरावा. पण भाड्याची खोली घेतली म्हणून स्वतःचे घर नको, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

दुसरा म्हणतो, "विंडोजमध्ये आता 'कीप माय फाइल्स' असते, फाइली ठेवून नव्याने मांडणी करता येते." येते, पण यंत्र निदान तेवढे शुद्धीवर असेल तर. शिवाय दुकानातला मुलगा घाईत असतो, आणि त्याच्या हाताला सगळे पुसून टाकण्याचीच सवय असते. पेटलेल्या घरात दाग्यांची जागा आठवत बसण्यापेक्षा दागिने आधीच बँकेत असलेले बरे.

तिसऱ्याचे म्हणणे खरे बळकट आहे, आणि त्याला मी मान देते. तो म्हणतो, "तुमचा 'डी' जर त्याच डिस्कचा तुकडा असेल, तर डिस्क मेली की दोघेही मेले. मग कशाला हा खटाटोप?" १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्याची आठवण ह्याला उत्तर म्हणून पुरेशी आहे. पुराच्या पाण्याला ज्याचे दप्तर तळमजल्यावर होते त्याचे आधी सापडले. माडीवरच्याला वाचण्याची संधी होती. आणि जिथे वाडाच बसला तिथे माडीही गेली. म्हणून माडीवर दप्तर ठेवू नये असे निघते का? निघते ते असे, की माडीवर ठेवावे आणि एक प्रत दुसऱ्या गावीही ठेवावी. 'डी' हा फॉर्मॅटपासून वाचवतो. डिस्कच्या मरणापासून, चोरीपासून, आगीपासून वाचवत नाही. त्यासाठी जुना दंडक आहे : तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. भाऊबीजेला बहिणीकडे जाताना एक बाहेरची डिस्क न्यावी आणि तिची आपल्याकडे ठेवून घ्यावी. ओवाळणीबरोबर हेही होऊन जाईल.

पण 'डी' हवाच, कारण ज्याचे सामान चार खोल्यांत विखुरलेले आहे तो प्रत घेतच नाही. काय घ्यायचे तेच त्याला कळत नाही. एका जागी बांधलेला रुमाल असला, की लहान मूलही उचलून देते.

ह्या वर्षी हे काम टाळता येणार नाही, ह्याला आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरोघरचे कितीतरी संगणक त्यामुळे बदलले जात आहेत, नव्याने मांडले जात आहेत, भंगारात जात आहेत. प्रत्येक अदलाबदलीत कोणी तरी मुलगा कोणा तरी काकूंना तोच प्रश्न विचारील. त्यातून विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागते; त्याची किल्ली ४८ आकडी असते, आणि ती नसली तर बाहेर काढलेली डिस्क म्हणजे नुसता पत्रा. ती किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे. त्या दोघांत एक बाई असावी.

माझी मागणी थोडी आहे. कंपन्यांनी पहिल्या दिवशी विचारावे, की तुमचे कागद कुठे ठेवू. विक्रेत्याने 'डी' पाडल्याशिवाय यंत्र देऊ नये, आणि गिऱ्हाइकाने तसे दिले तर घेऊ नये. दुरुस्तीवाल्याने तोंडी न विचारता, काय पुसणार त्याची यादी लिहून सही घ्यावी. आमच्या कचेरीत रद्दी काढायलासुद्धा यादी आणि सही लागत असे. आणि घरातल्या जाणत्या मुलांनो, "आई, तुला नाही कळायचं" हे वाक्य ह्या दिवाळीत गिळा. तिला खुर्चीवर बसवा, माऊस तिच्या हातात द्या, आणि तिचे कागद तिच्याच हाताने हलवू द्या. अर्ध्या तासाचे काम आहे. फराळाचे ताट शेजारी असले तर तेवढेही वाटणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीची पूजा करतो. पूजेपूर्वी त्याला वही शोधत बसावे लागत नाही. ती कोणत्या कपाटात आहे हे त्याच्या मुनिमालाही ठाऊक असते. तेवढे आपण करू शकलो, तरी माझे भांडण मी मागे घेईन. वहिनींच्या ओव्या मात्र त्याने परत येणार नाहीत.